आधी खडक, मग पाणी : भूशास्त्राच्या पदवीची आखणी



दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात विसावते आणि सिल्वासावरून पुढे जाऊन दमण येथे समुद्रास मिळते. या खोऱ्यात कारखाने आहेत, तशा विहिरीही आहेत. कारखान्याचे सांडपाणी विहिरीपर्यंत पोहोचेल काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ पाण्याच्या परीक्षणाने मिळत नाही. ते खडकात शोधावे लागते. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट आहे. अखंड बेसाल्टात पाणी फारसे मुरत नाही. ते झिजलेल्या थरांतून व भेगांतून वाहते. प्रदूषणाची वाटही तीच.

म्हणून पर्यावरणाची ओढ असलेल्या विद्यार्थ्यानेही भूशास्त्र हा मुख्य विषय घ्यावा व पर्यावरणशास्त्र त्याच्या जोडीस ठेवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा जोडीस वाव दिला आहे. पुण्याचे फर्ग्युसन व मुंबईचे सेंट झेवियर्स या महाविद्यालयांना भूशास्त्राच्या अध्यापनाची जुनी परंपरा आहे. अकरावीपासून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित सोडू नये. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य किती आहे, हे अवश्य विचारावे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकाच्या पदासाठी भूशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते; केवळ पर्यावरणशास्त्र तेथे पुरत नाही. तेव्हा किमान पाच वर्षांचा हिशेब आधीच मांडावा.

आरंभ मात्र आजच करता येईल. गावच्या विहिरीच्या कडेतील थर पाहा आणि दरमहा पाण्याची पातळी वहीत नोंदवा.