तीन-चार वर्षांच्या मुलाला वाचता यायला हवे का?

शाळा आणि कॉन्व्हेंट सुरू झाले की ताप-खोकल्याच्या पेशंटसोबत एक प्रश्न माझ्या दवाखान्यात हमखास येतो. "म्याडम, शेजारची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तिला अ ते ज्ञ सगळे येते. आमच्या मुलाला अजून 'क' ओळखू येत नाही. त्याच्यात काही कमी तर नाही ना?" माझा दवाखाना मूर्तिजापूरला, म्हणजे अमरावती आणि अकोला यांच्या मध्ये. दोन्हीकडचे पालक येतात आणि दोन्हीकडची काळजी सारखीच असते.

थोडक्यात उत्तर असे: चार वर्षांच्या मुलाला वाचता आले नाही तर तो आजार नाही. आणि वाचता आले तर ते बुद्धीचे प्रमाणपत्रही नाही. या वयात अक्षरांपेक्षा मुलाचे ऐकणे, बोलणे आणि समजणे तपासायला हवे. हे मी पुस्तकापेक्षा माझ्या दोन पेशंटकडून जास्त शिकले.

दोन मुले

पहिला मुलगा चार वर्षांचा होता. आजी त्याला घेऊन आली. "सकायी उठला की पोट्ट्याचं पोट दुखते. रईवारी काऊन नाई दुखत?" प्रश्नातच निदान होते. पोट तपासले, लघवी तपासली, सर्व ठीक. चौकशी केल्यावर कळले की केजीत रोज दोन पाने अक्षरे लिहायची आणि चुकली की घरी पुन्हा बसवायचे. मुलाचे दुखणे खोटे नव्हते. लहान मुलांची भीती पोटदुखीतून बाहेर पडते. लिहिणे दोन महिने बंद ठेवायला सांगितले, पोटदुखी थांबली.

दुसरा मुलगा तीन वर्षांचा, काही वर्षांपूर्वीचा. त्याने दवाखान्यात शिरताच माझ्या पाटीवरचे नाव, पदवी, वेळ सगळे घडाघडा वाचले. मी टाळ्या वाजवल्या. आई हळूच म्हणाली, "पण हाक मारली तर बघत नाही." मी म्हटले, "हुशार मुले आपल्याच नादात असतात." चूक माझी होती. दीड वर्षाने बालरोगतज्ज्ञांनी त्याला ऑटिझम असल्याचे निदान केले. उपचार सुरू झाले, मुलगा आता शाळेत जातो. पण ज्या वयात थेरपीचा सर्वाधिक उपयोग होतो त्यातले दीड वर्ष माझ्या टाळ्यांत गेले. तेव्हापासून "आमचे मूल वाचते" असे कोणी सांगितले की मी आधी विचारते, "बोलते कसे?"

वाचन म्हणजे नेमके काय?

बोलणे मूल ऐकून ऐकून आपोआप शिकते. वाचन तसे आपोआप येत नाही, ते शिकवावे लागते. त्यासाठी मेंदूला डोळ्यांनी पाहिलेला आकार, कानांनी ओळखलेला आवाज आणि आधीपासून माहीत असलेला अर्थ या तीन गोष्टी जोडाव्या लागतात. 'संत्रा' हा शब्द वाचताना मुलाला आकार ओळखावा लागतो, आवाज जुळवावे लागतात आणि संत्रा म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. अर्थ नसेल तर ते नुसते उच्चारण होते.

त्यात आपली लिपी तशी मोठी आहे. ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर ४०० हून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. इंग्रजीच्या २६ अक्षरांशी तुलना करून "एबीसीडी आली, मग कखग का नाही?" असे विचारू नका. देवनागरी पूर्ण हाताखाली यायला प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे लागतात आणि ते स्वाभाविक आहे.

कोणत्या वयात साधारण काय यावे?

* २ वर्षे: दोन शब्द जोडून बोलणे ("आई ये", "पाणी दे"). चित्रातली ओळखीची वस्तू बोटाने दाखवणे.
* ३ वर्षे: तीन-चार शब्दांची वाक्ये. परक्या माणसालाही बरेचसे बोलणे समजावे. पाहून गोल काढता येणे.
* ४ वर्षे: घडलेली गोष्ट मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगणे. पुस्तक सुलटे धरणे, पाने उलटणे. पाहून फुली काढणे.
* ५ वर्षे: लांब वाक्ये, "का?" आणि "कसे?" चे प्रश्न. यमक ओळखणे. स्वतःच्या नावातली काही अक्षरे ओळखणे. त्रिकोण काढणे.

या यादीत वाचन कुठेच नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशाला ६ वर्षांची अट आहे आणि वाचनाचे पद्धतशीर शिक्षण तिथून सुरू होते. जे मूल अजून त्रिकोण काढू शकत नाही, त्याच्या बोटांकडून 'ज्ञ'ची अपेक्षा करणे म्हणजे दात येण्याआधी भाकर चावायला देणे.

लवकर वाचले तर पुढे फायदा होतो का?

न्यूझीलंडमध्ये ५ व्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या आणि ७ व्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली. साधारण ११ व्या वर्षापर्यंत दोन्ही गटांचे वाचन सारखे झाले होते. फिनलंडमध्ये तर शाळाच ७ व्या वर्षी सुरू होते.

काही मुले मात्र खरोखरच लवकर वाचतात. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या संशोधिकेने अशा मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६६ मध्ये तो प्रसिद्ध केला. या मुलांच्या घरी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवत होते, "हे काय लिहिले आहे?" या प्रश्नाला उत्तर देत होते, आणि हाताशी कागद-पेन्सिल होती. म्हणजे ओढ मुलाची होती आणि घर त्याला साथ देत होते. तुमचे मूल असे स्वतःहून वाचत असेल तर त्याला थांबवू नका, आणि पाहुण्यांसमोर उभे करून वाचायलाही लावू नका.

वाचणारे मूल तपासायला केव्हा न्यावे?

वयाच्या मानाने खूप आधी, झपाट्याने वाचणे पण वाचलेले न समजणे, याला हायपरलेक्सिया म्हणतात. हा शब्द १९६७ पासून वापरात आहे. लवकर वाचणाऱ्या सगळ्याच मुलांत दोष नसतो, पण ऑटिझम असलेल्या काही मुलांत हे लक्षण दिसते. म्हणून घरीच हे पाच प्रश्न विचारा:

1. नावाने हाक मारली की मूल वळून पाहते का?
2. आवडलेली वस्तू बोटाने दाखवून तुमच्या तोंडाकडे पाहते का?
3. भातुकली, डॉक्टर-डॉक्टर असे खोटे-खोटे खेळ खेळते का?
4. "काय पाहिजे?" विचारल्यावर उत्तर देते, की तोच प्रश्न परत म्हणते?
5. 'चमचा' वाचल्यावर चमचा आणून देते का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांचे उत्तर "नाही" असेल तर वाचनाचे कौतुक बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरची बोली हा दोष नाही

आपल्याकडे अनेक घरांत 'ळ'चा 'य' होतो. शाळेची 'शाया', केळीची 'केयी', डोळ्यांचे 'डोये'. पुस्तकात 'शाळा' असे लिहिलेले पाहून मूल 'शाया' वाचत असेल तर ते तोतरे नाही. उलट त्याने शब्द ओळखून आपल्या घरच्या भाषेत आणला, म्हणजे त्याला अर्थ कळला. "आमच्या घरी शाया, पुस्तकात शाळा, दोन्ही बरोबर" असे सांगा. हसू नका, हिणवू नका.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे अनेक घरांत कोरकू बोलतात. ती मराठीपेक्षा वेगळ्याच भाषाकुळातली आहे. अकोला, बाळापूरकडे कित्येक घरांत उर्दू आहे. अशा मुलाला मराठी वाचन उशिरा जमले तर ते मंद नाही, ते एकाच वेळी नवी भाषा आणि नवी लिपी शिकत आहे. घरची भाषा बंद करू नका. एका भाषेत भक्कम बोलणाऱ्या मुलाला दुसरी भाषा शिकायला आधार मिळतो.

घरी काय करावे?

बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे आपल्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला गरीब वस्तीतल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. आपली 'अंगणवाडी' या कल्पनेतून आली. महागडी साधने नव्हती, म्हणून बिया, पाने, शंख-शिंपले हेच साहित्य झाले. आजही तेवढे पुरते.

* रोज १० ते १५ मिनिटे मांडीवर घेऊन वाचून दाखवा. मध्येच थांबून "आता काय होईल?" विचारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्र पाहून गोष्ट सांगावी. आजी-आजोबांची गोष्ट पुस्तकाइतकीच मोलाची आहे.
* आवाजांचे खेळ खेळा: "'क' ने सुरू होणारे काय काय? कापूस, कांदा, काका." कान तयार झाला की अक्षर लवकर चिकटते.
* आजूबाजूचे लिखाण दाखवा: भिंतीवरचे कॅलेंडर, बिस्किटाचा पुडा, एसटीची 'अकोला' पाटी.
* अक्षर गिरवायचे तर आधी रेतीत किंवा पिठात बोटाने. पाच मिनिटे, मुलाला हवे तेवढेच.
* मोबाईलवरचे अक्षरांचे व्हिडिओ म्हणजे वाचन नव्हे, कारण व्हिडिओ मुलाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. त्याहून लहानांना जवळजवळ नकोच.
* अक्षर चुकले म्हणून मारू नका. भीतीने पाठ झालेले टिकत नाही, पुस्तकाची धास्ती मात्र टिकते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

* १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, किंवा २ वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही.
* आधी येत असलेले शब्द किंवा हसणे-बघणे कमी झाले. कोणत्याही वयात हे घडले तर थांबू नका.
* टीव्हीचा आवाज मोठा करते, वारंवार "हं?" म्हणते, कान सतत वाहतो. सर्दीनंतर कानात पाणी साचून ऐकू कमी येते आणि घरच्यांना वाटते मूल लक्ष देत नाही.
* पुस्तक डोळ्यांजवळ धरते, डोळा तिरळा दिसतो.
* निस्तेज, चिडचिडे, माती-खडू खाणारे मूल. रक्त कमी असेल तर लक्षही लागत नाही.
* पहिली-दुसरीत नियमित शिकूनही अक्षरे जुळत नाहीत. डिस्लेक्सियाचे निदान साधारण ७-८ व्या वर्षी होते. चौथ्या वर्षी कोणी हे लेबल लावले तर ते मान्य करू नका.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करते. अंगणवाडीताईंना त्यांची तारीख विचारून ठेवा. गरज असल्यास जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. कान, डोळे आणि बालरोग विभागासाठी अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे.

जाताना एवढेच सांगते. आज रात्री मुलाला जवळ घ्या आणि दिवसभरात काय काय झाले ते विचारा. ते सांगत असेल, तुमच्याकडे पाहत असेल, मध्येच तुम्हालाच प्रश्न करत असेल, तर 'क' ची काळजी करू नका, तो येईल. आणि ते सांगत नसेल, तर त्याला कितीही अक्षरे येत असली तरी माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन या.