थंडीत शिवारात जाताना बिबट्याचा माग ओळखा

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. म्हणून पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनाच शिवाराचे धडे हवेत.

पहिला धडा ठशाचा. सकाळी पाटाच्या ओल्या मातीत पोरांना दाखवा. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात. बिबट्या नखे आत घेऊन चालतो, त्यामुळे त्याचा ठसा गोल, बिननखांचा.

दुसरा धडा रात्रीच्या लाईटचा. पाणी धरायला दोघांनी जावे. बॅटरी, काठी घ्यावी, मोबाईलवर गाणी लावावीत. अंधारात वाकून बसू नये.

पिल्लू दिसलंच तर हात लावू नका, फोटोला गर्दी करू नका. मादी जवळपासच असते. तोड थांबवा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. पथक पिल्लू त्याच जागी ठेवते. बहुतेक वेळा मादी रात्री येऊन नेते. पिल्लू हलवले तर तीच मादी चवताळून वस्तीकडे फिरते.