वणव्यापुढची लाल रेघ

कॅलिफोर्नियात वणवा पेटला, की सॅक्रामेंटोजवळच्या मॅक्लेलन तळावरची लगबग कुंपणाबाहेरूनही दिसते. हवाई दलाचा हा तळ २००१मध्ये बंद झाला; आता येथून टँकर विमाने उडतात. विमान उतरले, की कर्मचारी जाड नळ्या जोडून लाल द्रव भरतात आणि ते पुन्हा धावपट्टीकडे निघते. ‘एस-२टी’ विमानात सुमारे साडेचार हजार लिटर द्रव मावतो, तर मूळच्या प्रवासी ‘डीसी-१०’मध्ये ३५ हजार लिटरहून अधिक.

हा द्रव बहुधा ज्वाळांवर नव्हे, तर त्यांच्या वाटेतल्या झाडाझुडपांवर टाकतात. त्यातले पाणी उडून गेले तरी अमोनियम फॉस्फेट उरते. ते तापले, की वनस्पतींतील सेल्युलोजपासून ज्वलनशील वायू कमी आणि कोळसा व वाफ जास्त तयार होते. साहजिकच आग मंदावते. लाल रंग लोह ऑक्साइडचा. आधीची रेघ कुठे संपली, हे पुढच्या वैमानिकाला त्यामुळे कळते.

मर्यादाही आहेत. अमोनिया माशांना घातक असल्याने नदी-ओढ्यांजवळ हा मारा टाळतात. सोसाट्याच्या वाऱ्यात द्रव विखुरतो, दाट धुरात लक्ष्य दिसत नाही. मुख्य म्हणजे लाल रेघ आग विझवत नाही, वेळ मिळवून देते. तेवढ्या वेळात जमिनीवरचे जवान झाडोरा तोडून, माती उघडी करून पट्टा आखतात. आपल्याकडचे वन खाते जाळरेषा काढते तसाच. वणवा अखेर आटोक्यात येतो तो त्यांच्याच हातून.