इंजिन फिरते, पण सुरू होत नाही : मोटारसायकलीच्या एका बिघाडाचे निदान

किक मारली असता किंवा सेल्फची कळ दाबली असता मोटारसायकलीचे इंजिन फिरते, परंतु स्वतःच्या बळावर चालू होत नाही, हा अनुभव वाहन बाळगणाऱ्या बहुतेकांस केव्हा ना केव्हा येतोच. पहाटे दूध घालणाऱ्यास अथवा दूरच्या गावी कामावर जाणाऱ्यास ही केवळ गैरसोय नव्हे. त्याचा त्या दिवसाचा रोजगारच तीवर अवलंबून असतो. अशा वेळी प्लग बदला, मग बॅटरी बदला, मग कॉइल बदला, असा अंदाजाने उपचार सुरू होतो. यात पैसा तर जातोच. शिवाय दोष नेमका कोठे होता हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रस्तुत लेखात या बिघाडाचे निदान कोणत्या क्रमाने करावे, आणि तो क्रम तसाच का असावा, याचा विचार करावयाचा आहे. विवेचनासाठी आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे एका सिलिंडरचे, चार स्ट्रोकचे पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे.

प्रथम ‘फिरते’ या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. सेल्फची मोटार घरघरते, पण इंजिनातील दट्ट्या जागचा हालत नाही, असेही घडते. तो दोष सेल्फच्या क्लचचा होय. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला असता हवेचे ठोके जाणवले, तर इंजिन खरोखर फिरत आहे असे समजावे. ठोके मुळीच जाणवत नसतील आणि सेल्फचा आवाज मात्र नेहमीसारखाच असेल, तर सायलेन्सर तुंबला आहे काय हेही पाहावे. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असू शकते.

यानंतर विनासायास होणाऱ्या तपासण्या उरकून घ्याव्यात. टाकीत पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, हँडलवरील इंजिन बंद करण्याची कळ चुकून दाबली गेली आहे काय, हे पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. या गोष्टी क्षुल्लक आहेत, म्हणूनच त्या नजरेतून सुटतात.

चार स्ट्रोकचे इंजिन निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये यशस्वी करून दाखविले. त्या वेळेपासून अशा इंजिनाच्या मूलभूत गरजा बदललेल्या नाहीत. हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण सिलिंडरात आले पाहिजे, दट्ट्याने ते पुरेसे दाबले पाहिजे, आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडली पाहिजे. म्हणजे इंधन, दाब आणि ठिणगी ही निदानाची तीन क्षेत्रे झाली. यांपैकी कोणते क्षेत्र निर्दोष आहे हे एका चाचणीत जितक्या लवकर ठरेल, तितका शोधाचा पसारा कमी होईल. या दृष्टीने पाहता स्पार्क प्लग हा सर्वांत बोलका साक्षीदार होय.

आठ-दहा वेळा इंजिन फिरवून झाल्यावर प्लग काढावा व त्याचे टोक पाहावे. ते कोरडे असेल, तर पेट्रोल सिलिंडरापर्यंत पोहोचतच नाही असा तर्क करता येतो. ते पेट्रोलने भिजलेले असेल, तर पेट्रोल पोहोचत आहे. मात्र ठिणगी पडत नाही, अथवा पेट्रोल प्रमाणाबाहेर येत आहे. टोकावर काळी काजळी साचली असेल, तर विजेला काजळीतून वाट मिळते व ठिणगी फटीत पडत नाही.

ठिणगीची परीक्षा करताना प्लग त्याच्या टोपणात बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवावे आणि इंजिन फिरवावे. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. म्हणून छिद्र फडक्याने झाकावे, प्लग त्यापासून दूर ठेवावा आणि तो उघड्या हाताने धरू नये. अंग धातूला न टेकविता इंजिन फिरविल्यास उच्च दाबाच्या विजेला वाट सापडत नाही व कॉइल किंवा सी.डी.आय. निकामी होण्याचा संभव असतो. निळसर, कडकडणारी ठिणगी चांगली. पिवळट व क्षीण ठिणगी संशयास्पद.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. फटीतून ठिणगी उडण्यास लागणारा व्होल्टेज हा वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हे फ्रीडरिख पाशेन याने १८८९ मध्ये दाखविले. बाहेरच्या हवेत ०.७ मिलिमीटरच्या फटीत उडणारी ठिणगी सिलिंडरातील दाबलेल्या मिश्रणात उडेलच असे नाही. यास्तव बाहेर ठिणगी न दिसणे हा दोषाचा पुरावा होय. पण ती दिसणे हा निर्दोषत्वाचा पूर्ण पुरावा नव्हे. ठिणगी नसल्यास शोध प्लगपासून मागे न्यावा : आधी नवा प्लग लावून पाहावा, मग टोपण, वायर, कॉइल, आणि शेवटी सी.डी.आय. व त्यास इशारा देणारी पल्सर कॉइल. पावसाळ्यात टोपणात शिरलेले पाणी हे एक नित्याचे कारण आहे. ते पुसून कोरडे केले की काम भागते.

प्लग कोरडा निघाल्यास इंधनमार्गाकडे वळावे. कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे. धार येत नसेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच धार सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे ठरते. धार येत असूनही प्लग कोरडा राहत असेल, तर कार्बुरेटरातील स्लो जेट तुंबले असावे. महिनोन्‌महिने साठून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट साका त्यात बसतो. बरणीतील पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास टाकीत पाणी गेले आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. कारण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढताच पाणी व इथेनॉल मिळून तळाशी उतरतात. इंजिनाला पेट्रोल मिळते ते टाकीच्या तळाजवळूनच.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बी.एस. ६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरने घेतली. अशा गाडीत किल्ली फिरविताच टाकीतील पंपाचा गुणगुणाट दोन-तीन सेकंद ऐकू येतो. तो ऐकू न आल्यास प्रथम फ्यूज तपासावा. गाडी पडली असल्यास कलंडण्याची जाणीव ठेवणारा संवेदक इंधन तोडतो. गाडी उभी करून किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवावी. या गाड्यांत बॅटरीचे महत्त्व वाढले आहे. पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ फिरत असता हा आकडा १० च्या बराच खाली गेला, तर इंजिन फिरेल, परंतु पंप व प्रज्वलनयंत्रणा यांस पुरेशी वीज उरणार नाही. म्हणून सेल्फ एका वेळी पाच सेकंदांहून अधिक दाबू नये व मध्ये काही सेकंद विश्रांती द्यावी.

ठिणगी व इंधन दोन्ही ठीक असतील, तर दाब तपासावा. प्लगच्या छिद्रावर बोट दाबून धरले असता इंजिन फिरताना ते जोराने ढकलले गेले पाहिजे. अचूक मापनासाठी दाबमापक लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून इंजिन फिरवावे. दाब कमी आढळल्यास सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर झडपा नीट मिटत नाहीत, असे अनुमान निघते. झडपांचे अंतर अतिशय कमी झाल्यानेही असे होते, आणि तो दोष केवळ समायोजनाने दूर होतो.

ही तीन क्षेत्रे एकमेकांपासून सर्वस्वी अलिप्त नाहीत, हेही लक्षात घ्यावे. ठिणगी क्षीण असता वारंवार किक मारल्याने प्लग पेट्रोलने भिजतो. अधिक पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन नेते आणि दाबही घटतो. मूळ दोष एक, पण लक्षणे तीन! अशा वेळी प्लग पुसून कोरडा करावा, चोक बंद ठेवावा, थ्रॉटल पूर्ण उघडून सिलिंडर मोकळा होऊ द्यावा आणि मगच पुन्हा परीक्षण करावे.

शेवटी एक नियम सांगणे अवश्य आहे : एका वेळी एकच बदल करावा. तीन भाग एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर त्यांपैकी दोन विनाकारण बदलले गेले असण्याचा संभव असतो, आणि ते कोणते हे सांगता येत नाही. एक भाग बदलल्यावर गाडी सुरू झाली, तर शक्य असेल तेथे जुना भाग पुन्हा बसवून पाहावा. दोष परतला, तर कारण सिद्ध झाले. तो परतला नाही, तर कारण त्या भागात नसून तो काढताना हललेल्या सैल जोडणीत असावे, आणि नव्या भागाचे पैसे वाचतात. प्रयोगशाळेत आपण ज्याला नियंत्रित प्रयोग म्हणतो, तो रस्त्याच्या कडेला एका पान्याच्या साहाय्यानेही करता येतो. निदानाची ही शिस्त ज्या मिस्त्रीच्या अंगी आहे, त्याच्या हाती गाडी सोपविताना ग्राहकास निर्धास्त राहता येते.