रानकुत्रा कोणाला म्हणावें ?

इंग्रजी कोशांत ‘डिंगो’ या शब्दापुढें ‘ऑस्ट्रेलियांतील रानकुत्रा’ असा अर्थ आढळतो. तो चूक नाहीं. परंतु ज्यांच्या भाषेंतून हा शब्द उचलला, त्यांच्या तोंडीं त्याचा अर्थ जवळजवळ उलट होता.

१७८८ सालीं इंग्रजांचीं जहाजें, आज जेथें सिडनी शहर आहे, त्या किनाऱ्यास लागलीं. तेथील दारुग भाषा बोलणारे मूळ रहिवासी आपल्या वस्तींत वावरणाऱ्या कुत्र्याला ‘डिंगो’ म्हणत, आणि रानांत मोकळ्या फिरणाऱ्याला ‘वॉरिगल’. वॉटकिन टेंच या अधिकाऱ्यानें १७८९ सालच्या आपल्या पुस्तकांत, या लोकांचा एकमेव पाळीव प्राणी म्हणून ‘डिंगो’ची नोंद केली. पुढें वसाहतवाल्यांनीं तेंच नांव रानांतल्यालाही सरसकट लावलें.

प्राणी मात्र एकच. मूळ रहिवासी रानांतून पिलें आणून वाढवीत. वयांत आल्यावर तीं बहुधा पुन्हां रानांत निघून जात. डिंगोचे पूर्वज तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं माणसांबरोबर समुद्रमार्गें तेथें आले. टास्मानिया बेट त्याच्या कितीतरी आधीं मुख्य भूमीपासून तुटलें होतें. म्हणून तेथें डिंगो पोंचलाच नाहीं.

आपल्याकडे रानकुत्रा म्हटलें कीं सह्याद्रींतील कोळसुंदा आठवतो. तो निराळ्या वंशांतला. पाळीव कुत्र्याला ४२ दांत, तर कोळसुंद्याला ४०. डिंगो हा कुत्र्याचा निकटचा आप्त असून पाळीव कुत्र्याशीं त्याचा संकर होऊं शकतो.

हा शब्दांचा घोळ डिंगोच्या जिवावर बेतला आहे. मेंढ्या मारतो म्हणून त्याला अडविण्यासाठीं सुमारें ५,६०० किलोमीटर लांबीचें कुंपण उभें आहे. शिवाय कांहीं राज्यांच्या सरकारी भाषेंत डिंगो, संकरज आणि मोकाट कुत्रे हे सारे ‘रानटी कुत्रे’ या एकाच सदरांत पडतात, व विष आणि सापळे यांना बळी जातात. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणींत मात्र असें दिसलें कीं, संकरज मानलेल्या रानांतल्या प्राण्यांपैकीं पुष्कळ शुद्ध डिंगोच होते.

नांव देणें आणि नांवें ठेवणें यांत मराठींत थोडेंच अंतर आहे. डिंगोच्या बाबतींत तेंही उरलें नाहीं. म्हणून आपण तरी कोळसुंद्याला कोळसुंदा म्हणावें, आणि डिंगोला डिंगोच.