जस्ताची गोळी आणि रक्तदाब

झिंक सल्फेटची पिशवी वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला नवी नाही. इथल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनी अल्कधर्मी असतात. अशा जमिनीत जस्त असले तरी ते कमी विरघळते, पिकाच्या मुळांना पुरेसे मिळत नाही. म्हणून ते वरून द्यावे लागते. हेच जस्त औषधाच्या दुकानात गोळीच्या रूपातही मिळते. 'ही गोळी शुगरवर चालते, बीपीवरही चालते' असे कोणी म्हणाले, तर त्यात तथ्य किती मानायचे?

मधुमेहाशी जस्ताचे नाते खरेच आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्शुलिन साठवतात ते जस्ताच्या आधाराने. इन्शुलिनचे ६ रेणू जस्ताच्या २ आयनांभोवती एकत्र बांधलेले असतात. डोरोथी हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. मधुमेहात लघवीवाटे जस्त नेहमीपेक्षा अधिक बाहेर पडते. त्यात आपल्या भाकरी-वरणातील फायटेट हे द्रव्य जस्ताला धरून ठेवते, आतड्यात शोषू देत नाही. तेव्हा मधुमेह्याला जस्त कमी पडण्याचा संभव अधिक.

रक्तदाबाशी मात्र संबंध दुहेरी आहे. रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा नाश टाळणारे एक विकर आपल्या शरीरात असते, त्यात जस्त आहे. परंतु रक्तवाहिन्या आकसवणारे अँजिओटेन्सिन तयार करणाऱ्या विकराच्या केंद्रस्थानीही जस्तच आहे! मग दाब उतरेल की चढेल? नुसत्या रसायनशास्त्रावरून हे ठरत नाही. प्रयोग करावा लागतो.

प्रयोगात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात. एका गटाला जस्त, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. दुसरा गट कशाला? हे वर्गात करून पाहता येईल. सर्व मुलांच्या नाडीचे ठोके मोजा. सर्वांत जास्त ठोके असलेली १० मुले निवडा आणि अर्ध्या तासाने त्यांचे ठोके पुन्हा मोजा. बहुधा सरासरी उतरलेली दिसेल, काहीही औषध न देता! रक्तदाबाचेही तसेच होते.

अशा प्रयोगांच्या २०२० सालच्या एका एकत्रित विश्लेषणात वरचा दाब सरासरी सुमारे दीड मिलिमीटरने उतरलेला आढळला; खालच्या दाबात ठळक फरक दिसला नाही. रक्तदाबाची नेहमीची एक गोळी वरचा दाब सुमारे ८-९ मिलिमीटरने उतरवते. फरक लक्षात घ्यावा.

म्हणून जस्त सुरू करून रक्तदाबाची गोळी बंद करणे धोक्याचे आहे. वाढलेला दाब दुखत नाही. पण मधुमेह्याच्या मूत्रपिंडांना, डोळ्यांना आणि हृदयाला तो गुपचूप इजा करत राहतो. जस्ताचा अतिरेकही वाईट. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. त्याहून बरेच अधिक जस्त महिनोन्महिने घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो.

मग करावे काय? मूग-मटकीला मोड आणले की फायटेट घटते आणि जस्त अधिक मिळते. लोणचे, पापड, ठेचा धरून दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. गोळीचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. शेतात खत टाकण्याआधी आपण माती तपासून घेतो. शरीराच्या बाबतीतही तोच शिरस्ता पाळावा, हे विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोचवता येईल.