ईदच्या कपड्यांचा रंग तिलाही विचारा

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. अभ्यासात चांगली, पाठांतर पक्के, ब्रेल लिपी वाचण्याचा वेग तर असा की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. मागच्या वर्षी एकदा मराठीच्या तासाला आम्ही फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, ‘माझा आवडता रंग’. लिहून झाल्यावर आमचे लक्ष तिच्याकडे गेले. तिला जवळ बोलावून आम्ही हळूच म्हटले, “बेटा, तू हा विषय सोड. तू ‘माझी आई’ लिही.”

ती काही बोलली नाही. शाळा सुटल्यावर मात्र थांबली आणि म्हणाली, “सर, मला रंग दिसत नाही. पण मी तर सगळ्यांना दिसते ना?”

मग तिने सांगितले. ईदच्या आधी घरात भावंडांना विचारले जाते, तुला कोणत्या रंगाचे कापड हवे? तिच्या हातात मात्र कापड दिले जाते आणि म्हटले जाते, बघ किती मऊ आहे! एका लग्नात कोणी बाई मागे कुजबुजल्या, हिला असा विटलेला रंग का घातला? ते तिच्या कानावर पडले. घरी येऊन तिने अम्मीला रंग विचारला. अम्मी म्हणाली, “तुला काय करायचंय रंगाशी?”

अम्मीच्या मनात वाईट काही नव्हते. आमच्याही नव्हते. तिला वाईट वाटू नये म्हणूनच आम्ही तिला निबंधातून सोडले होते. पण आम्ही दोघांनी केले एकच. जे तिला दिसत नाही, ते तिचे नाहीच असे परस्पर ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिला रंग सांगायला बसलो आणि पहिल्याच दिवशी फसलो. आम्ही म्हटले, “लाल म्हणजे गरम, विस्तवासारखा. निळा म्हणजे थंड, पाण्यासारखा.” ती म्हणाली, “मग लाल गुलाब हाताला गार का लागतो? आणि अम्मी म्हणते गॅसची ज्योत निळी असते, ती तर भाजते!” आमच्याकडे उत्तर नव्हते.

ही चूक करणारे आम्ही पहिलेच नव्हे. इंग्रज विचारवंत जॉन लॉक यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस एका अंध माणसाची गोष्ट लिहिली आहे. त्याने पुष्कळ डोके खाजवून एके दिवशी जाहीर केले की लाल रंग म्हणजे काय ते मला कळले, तो तुतारीच्या आवाजासारखा असतो. लॉक यांना यातून सांगायचे होते ते असे, की ज्याने रंग पाहिला नाही त्याला तो शब्दांनी देता येत नाही. डोळ्यांना जो अनुभव येतो तेवढ्यापुरते हे खरे आहे. पण रंग म्हणजे केवळ तेवढा अनुभव नव्हे. १९८५ साली बार्बरा लँडाउ आणि लीला ग्लाइटमन या दोन अमेरिकी अभ्यासकांचे अंध मुलांच्या भाषेवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी पाहिलेल्या एका जन्मांध लहान मुलीला हे नीट कळत होते की रंग वस्तूंना असतो, मनातल्या विचारांना नसतो, आणि तो डोळ्यांनीच समजतो. हे तिला कोणी धडा म्हणून शिकवले नव्हते. आजूबाजूच्या बोलण्यातून ती शिकली होती.

म्हणून आम्ही रस्ता बदलला. ‘लाल कसा असतो’ हे सोडून ‘लाल काय काय असते’ हे सांगू लागलो. आपल्या भाषा इथे मोठी मदत करतात. मराठीत जांभळा रंग जांभळावरून, डाळिंबी डाळिंबावरून, विटकरी विटेवरून, राखाडी राखेवरून, तपकिरी तपकिरीवरून आणि शेवाळी शेवाळावरून आला. उर्दूत प्याजी आहे, फालसई आहे, बदामी आहे. यातल्या बहुतेक वस्तू हाताने चाचपता येतात, चाखता येतात, हुंगता येतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते हे तिला सांगितले, तर तिने सगळ्या मैत्रिणींना विचारून खात्री करून घेतली.

फिकट आणि गडद यांचा प्रश्न चहाने सोडवला. कमी पत्तीचा चहा आणि जास्त पत्तीचा चहा, चव तीच, जोर वेगळा. कोणता रंग कोणत्या रंगावर खुलतो हे मसाल्यांवरून सांगितले. प्रत्येक मसाला चांगला असतो, पण खिरीत लसूण घालत नाहीत.

उन्हाचा प्रयोगही केला. वर्ध्याचा मे महिना आपल्याला माहीतच आहे. एकाच थानाचे दोन तुकडे, एक काळा आणि एक पांढरा, थोडा वेळ उन्हात ठेवले आणि तिच्या हातात दिले. कोणता काळा ते तिने लगेच ओळखले. काळा रंग उजेड शोषून घेतो, म्हणून जास्त तापतो. पांढरा तो परत फेकतो. लाल आणि हिरवा असे हाताने ओळखता येत नाहीत, हेही आम्ही तिला सांगितले. खोटी आशा देऊ नये.

मग फाल्गुनात पळस फुलला. आपल्याकडे म्हणतात, पळसाला पाने तीनच. तिने ती बोटांनी मोजली, मखमली फुले गालाला लावून पाहिली. त्याच फुलांचे पाणी उकळून आम्ही घरी एक सुती रुमाल रंगवला. झाडाफुलांपासून कापडाला रंग देण्याची कला आपल्या वर्ध्यात आजही जिवंत आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या मगन संग्रहालयाच्या खादीत असे रंग वापरले जातात. रुमाल हातात घेऊन तिने विचारले, “कसा आला?” आम्ही म्हटले, “केशरी यायला हवा होता, जरा फिका आला.” ती म्हणाली, “म्हणजे कमी पत्तीचा चहा!”

अकराव्या शतकातले अरबी कवी अबुल अला अल-मअर्री यांची दृष्टी लहानपणी देवीच्या रोगात गेली. त्यांच्याविषयी सांगतात की त्यांना एकच रंग आठवत असे, लाल. आजारपणात त्यांच्या अंगावर करडईच्या फुलांनी रंगवलेले कापड होते. ही तीच करडई, जी आपल्या शेतात होते. त्या फुलांच्या रंगालाच मराठीत कुसुंबी म्हणतात. कोणीतरी अंगावर घातलेल्या एका कापडाचा रंग त्या कवीने जन्मभर जपला.

आपल्या घरांत सर्वांना माहीत असलेली एक गोष्ट इथे आठवते. रमजानमध्ये सहरीची वेळ संपते ती पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागला की. म्हणजे ही ओळख रंगाचीच. आणि मदीनेत ज्यांच्या अजानवर लोक खाणेपिणे थांबवत, ते हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) अंध होते. हदीसमध्ये येते की लोक त्यांना सांगत, सकाळ झाली, सकाळ झाली, तेव्हा ते अजान देत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘यांना उजेड दिसत नाही’ म्हणून ते काम त्यांच्याकडून काढून घेतले नाही. ज्यांना दिसत होते त्यांनी सांगायचे, आणि ज्यांना दिसत नव्हते त्यांनी साऱ्या शहराला पुकारायचे, अशी ती व्यवस्था होती. आम्ही शिक्षक असून आमच्या वाट्याचे सांगण्याचे काम टाळत होतो.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांच्यासाठी अनुभवातून काही गोष्टी सांगतो. कपडे घालताना रंग सांगा, आणि तो कशावर शोभतो हेही सांगा. कपड्यांच्या आतल्या बाजूला खूण शिवा, एका रंगाला एक गाठ, दुसऱ्याला दोन. मग मूल स्वतःच कपाटातून हवा तो कपडा काढते. नोटांचे रंगही सांगा, शंभराची फिकट जांभळी, दोनशेची पिवळी, पाचशेची राखाडी. बाजारात लोक रंगावरूनच बोलतात. घरात स्मार्टफोन असेल तर रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे मोफत अॅप नोट कितीची ते बोलून सांगते, आणि ‘सीइंग एआय’ हे अॅप वस्तूचा रंग सांगते. आणि त्या मुलासमोर ‘बघ’, ‘पाहा’, ‘रंग’ हे शब्द टाळू नका. आमची विद्यार्थिनी स्वतःच रोज म्हणते, “सर, मी काल नवीन पुस्तक पाहिलं.”

यंदाच्या ईदला तिची अम्मी तिला दुकानात घेऊन गेली. दुकानदार एकेक थान उलगडत होता, अम्मी रंग सांगत होती. तिने डाळिंबी निवडला. ईदच्या दिवशी आम्ही तिच्या घरी शीरखुर्मा घ्यायला गेलो तेव्हा दारातच तिने विचारले, “सर, कसा दिसतो?” आम्ही म्हटले, “छान दिसतो. पण ओढणी जरा गडद आहे.” ती अम्मीकडे वळून म्हणाली, “मी म्हटलं होतं ना, फिकट घे!”

तिचा तो निबंध आम्ही नंतर लिहून घेतला. वाचकहो, तुमच्या घरात, नात्यात, मोहल्ल्यात असे कोणी असेल, तर पुढच्या खरेदीला जाताना त्याला एवढे जरूर विचारा, तुला कोणता रंग हवा?